प्रश्न तुमचे : बडोद्यात समुद्राची टाकी

मागच्या अंकात खाऱ्या पाण्याच्या टाकीवर चार ओळी लिहिल्या आणि यावेळचे जवळजवळ सगळे प्रश्न त्याचेच निघाले, त्यातही हॅमर, टॉर्च, अकान असल्या मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे कोरलचा तोंड-शुंडावाला एकेक जीव) दगडी कोरलचे, म्हणजे प्रवाळांचे, म्हणजे टाकीवाले ज्यांना एलपीएस म्हणतात त्यांचे. गप्पी आणि गोल्डफिशवाल्यांनो, तुमची पाळी पुढच्या महिन्यात, रागावू नका.

प्रश्न (मांजलपूर) : मुलगा दुबईला असतो, त्याच्या मित्राकडे हॅमर आणि टॉर्च कोरल बघितले तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. गोड्या पाण्याची टाकी घरात बरीच वर्षं आहे. आता रिटायर झालोय, हॉलमध्ये जागा आहे, दुकानवाले भाई म्हणतात आठवड्यात सगळं सेट करून देतो, कोरलसकट. केवढी टाकी घेऊ आणि कुठून सुरुवात करू?

उत्तर : काका, आठवड्यात कोरलसकट सेट करून देतो म्हणणाऱ्या भाईंना चहा पाजा आणि परत पाठवा. एक कारण कायद्याचं आहे, एक पाण्याचं, आणि कायद्याचं आधी सांगतो कारण ते दुकानात कोणी सांगतच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळेच्या सगळे दगडी कोरल आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत त्याच यादीत, आणि तिथला गुन्हा म्हणजे तीन ते सात वर्षं कैद, वर दंड वेगळा. कच्छच्या आखातातला, मन्नारच्या आखातातला, अंदमानचा तुकडा कितीही स्वस्तात मिळत असला तरी हात लावायचा नाही. "इम्पोर्टेड आहे, चालतं" हे तुम्हाला ऐकवलं जाईलच, पण यादीत देश लिहिलेला नाही, अख्खा गट लिहिलाय. शिवाय हे कोरल साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे ज्या देशातून निघाले तिथला निर्यात परवाना लागतो, आणि आपल्या कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यानुसार असे परदेशी जीव घरात ठेवायचे तर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी आली. तेव्हा एक पैसा द्यायच्या आधी वनखात्याच्या ऑफिसात जा, जातीचं नाव आणि भाईंनी दाखवलेले कागद पुढे ठेवा आणि हे घरी ठेवता येईल का ते लेखी विचारा, उत्तरही लेखीच घ्या. हो आलं तर पुढे. नाही आलं तर मश्रूम आणि लेदरसारखे मऊ कोरल आणि क्लाउनफिशची जोडी, याचीही टाकी बघत बसावी अशी होते, फक्त त्यांचंही पक्कं बिल मागा.

आता पाणी. नवीन टाकीत अमोनिया खाणारे बॅक्टेरिया बसायलाच चार ते सहा आठवडे जातात, अमोनियाचा नायट्राइट होतो, नायट्राइटचा नायट्रेट, आणि हे चक्र बसेपर्यंत आत टाकलेला प्रत्येक जीव विषात पोहत असतो. गोड्या पाण्यात तुम्ही हे केलेलं असणार म्हणून जास्त लिहीत नाही. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य येऊन तिथेच राहिले की मासे, गोगलगायी सोडा. कोरल मात्र लगेच नको, मी तर म्हणेन सहा महिने टाकी नुसती मासे आणि गोगलगायींवर चालू द्या, तेवढ्यात शेवाळाच्या दोन-तीन लाटा येऊन जातील आणि तुमचे कागदही होतील. दगड घेताना समुद्रातून काढलेला नको, भाजलेल्या सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला मिळतो तो घ्या.

माप म्हणाल तर ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर. काठोकाठ १८२ लिटर होतं, दगड-वाळू जाऊन आणि खालच्या संपचं, म्हणजे कपाटातल्या फिल्टरच्या टाकीचं, पाणी धरून दीडशे-पावणेदोनशे लिटर हातात राहतं. याहून लहान टाकी स्वस्त पडते पण तिच्यात प्रत्येक चूक चटकन अंगावर येते. आकडे एकदा कागदावर लिहून टाकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २५ ते २६, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ (शेवटचे चारही पीपीएममध्ये). नायट्रेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका, एलपीएसना अगदी निर्मळ पाणी मानवत नाही, मांस आखडतं. आणि अल्कलिनिटी तुमची ८ वर टिकून असेल तर कोणीतरी ९ सांगितलं म्हणून ढकलत बसू नका, कोरलला आकडा हललेला आवडत नाही.

लाइटवर मात्र भाईंचं ऐकून फार पैसे घालू नका. यातले बरेच कोरल समुद्रातही गढूळसर, कमी उजेडाच्या खाड्यांत आणि लगूनमध्ये वाढतात, त्यांना ५० ते १५० पार (वाढीला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो, टोकेरी फांद्यांच्या छोट्या पॉलिपवाल्या कोरलला लागतो तेवढा नाही.

प्रश्न (रावपुरा) : आमचा जुना वाडा आहे, पहिला मजला, खाली लाकडी सरे आणि फळ्या. तिथे तीन फुटी टाकी ठेवली तर चालेल ना?

उत्तर : नाही. पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड, खालचा संप मिळून तीनशे किलोच्या वर जातं आणि ते दिवसरात्र एकाच जागी उभं असतं, पाहुण्यांसारखं संध्याकाळी उठून जात नाही. तळमजल्यावर फरशीवर ठेवा. वरच ठेवायचा हट्ट असेल तर इंजिनियरला सरे दाखवल्याशिवाय नको, सुताराला विचारू नका, तो हो म्हणेल.

प्रश्न (कारेलीबाग) : घरचा आरओ चांगला आहे, टीडीएस ४५ येतो, प्यायला मस्त. तेच पाणी टाकीला वापरलं तर? नाहीतर थेट नळाचं, आजवा तलावाचं?

उत्तर : ताई, प्यायला ४५ उत्तम, कोरलला शून्य पाहिजे. घरच्या आरओत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळतात नाहीतर खनिजांचं कार्ट्रिज बसवतात, त्यामुळे जे काढायचं तेच आत येतं. नळाचं पाणी आजव्याचं असो की महीचं, त्यात क्लोरीन आहे, सिलिकेट आहे, आणि सिलिकेट आलं की वाळूवर तपकिरी साय धरते, पुसली की दोन दिवसांत परत. बोअरचं तर नावच काढू नका. टाकीसाठी वेगळी लाइन घ्या: गाळाचा फिल्टर, कार्बन, मेंब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिन. रेझिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्याच्या वर गेला की रेझिन बदलायचं, महिने मोजून नाही. वाया जाणारं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला आणि गच्ची धुवायला चालतं, आपल्याकडे उन्हाळ्यात ते सोडून देणं जिवावर येतं.

प्रश्न (गोत्री) : आपल्या गुजरातमध्ये एवढी मिठागरं, गाडी भरून मीठ मिळतं, मग किलोला इतके पैसे देऊन बाहेरचं रीफ सॉल्ट कशाला? नाहीतर दांडीला जाऊन पिंपं भरून समुद्राचं पाणीच आणतो.

उत्तर : मिठागराचं मीठ म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड, कारण मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात आणि मॅग्नेशियमवालं कडू पाणी शेवटी काढून टाकतात, म्हणजे कोरलला सांगाडा बांधायला जे लागतं तेच नेमकं गेलेलं असतं. रीफ सॉल्टमध्ये ते मोजून घातलेलं असतं, साधारण ३८ ग्रॅम लिटरला, म्हणजे दीडशे लिटरला पहिल्यांदा पावणेसहा किलो आणि मग दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं त्यापुरतं. दांडीपासून खंभातच्या आखातापर्यंतचा किनारा तुम्ही बघितलाय, पाणी चहाच्या रंगाचं असतं, तापी-नर्मदा-महीचा गाळ भरती-ओहोटीबरोबर सतत घुसळत असतो. तिथे रीफ नाही याचं कारणच ते. पिंपं रिकामी ठेवा. आणि क्षारता मोजायला तो प्लॅस्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर घेऊ नका, रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या, साध्या पाण्यावर शून्य दाखवला म्हणून ३५ वरही बरोबर दाखवेल असं नसतं.

प्रश्न (अलकापुरी) : मे महिन्यात हॉल तापतो, एसी फक्त बेडरूमला आहे. टाकी ३२ ला गेली तर काय होतं, चिलर घ्यावाच लागेल का? आणि लाइट गेल्यावर?

उत्तर : हा बडोद्यातला खरा प्रश्न, बाकी सगळं पैशाने सुटतं. कोरलच्या मांसात सूक्ष्म शेवाळ राहतं, उजेडातून तेच अन्न करतं आणि कोरलला बहुतेक जेवण त्याच्याकडून मिळतं. पाणी फार तापलं की कोरल ते शेवाळ बाहेर फेकतो, मांस पारदर्शक होतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. जगभरच्या समुद्रात हेच चाललंय, एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं, आणि तिथे तर नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन डिग्री जास्त, काही आठवडे, एवढंच पुरतं. तुमची टाकी २६ वरून ३२ ला गेली तर टॉर्च आणि हॅमर आधी जातात, कँडी केन आणि डंकन हे एलपीएस थोडं जास्त सोसतात.

पहिला उपाय पंखे. टाकीच्या तोंडावर कॉम्प्युटरचे छोटे पंखे लावायचे, पाण्यावर तिरका वारा, झाकण उघडं, वर जाळी, नाहीतर मासे उड्या मारतात. माठाचंच गणित आहे, एक लिटर पाणी उडालं तर दीडशे लिटरमधून जवळजवळ चार डिग्री उतरायला पुरेल एवढी उष्णता घेऊन जातं, फक्त हॉल तापलेला असल्याने ती लगेच परत आत यायला बघते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पंख्यांनी दोन-तीन डिग्री सहज उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली, तेव्हा पंखा नुसता फिरतो. म्हणून बंद हॉलमध्ये, एसी नसताना, माझं मत चिलर घ्या असंच आहे, पण चिलर जेवढी उष्णता पाण्यातून काढतो तेवढी आणि वर स्वतःची हॉलमध्येच सोडतो, तेव्हा तो गॅलरीत ठेवा किंवा त्याची गरम हवा बाहेर जाईल असं बघा. चिलर आणि एसी दोन्हीचा खर्च धरला तर कित्येकदा हॉललाच एसी घेणं बरं पडतं, घरातल्या माणसांनाही त्याचा उपयोग. आणि जानेवारीत रात्री पारा दहा-बाराला येतो तेव्हा हीटरही लागतो, ते लोक विसरतात.

पंखे लावले की पाणी उडतं, तीन-चार लिटर रोज गेलं तर नवल नाही, आणि उडतं ते फक्त पाणी, मीठ खालीच राहतं. दीडशे लिटरमधून चार लिटर गेले की ३५ चं ३६ होतं, एका दिवसात. भरायचं ते गोडं, शून्य टीडीएसचं पाणी, खारं नाही, आणि हाताने तांब्या-तांब्याने भरत बसण्यापेक्षा सेन्सरवर चालणारा ऑटो टॉप-ऑफ घ्या. चिलरच्या आधी घ्या असं म्हणेन.

लाइट गेल्यावर पहिल्यांदा संपतो तो ऑक्सिजन, तापमान नंतर. संपूर्ण सिस्टिम इन्व्हर्टरवर टाकायची गरज नाही, एक पाणी हलवणारा पॉवरहेड आणि बॅटरीचा एअरपंप चालू राहिला तरी रात्र निघते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कित्येक भागात लाइट नव्हती हे आठवत असेलच, तळमजल्यावर टाकी असेल तर प्लग आणि बोर्ड जमिनीपासून वर घ्या, वायरला बोर्डाच्या खाली एक झोळ ठेवा म्हणजे ओघळ बोर्डात न जाता खाली टपकेल, आणि अर्थिंगबरोबर शॉक लागला की ट्रिप होणारा आरसीसीबी बसवून घ्या. खारं पाणी आणि वीज, यात काटकसर नको.

प्रश्न (दांडिया बाजार) : आत्याने पूर्वी ओख्याहून आणलेलं पांढरं प्रवाळ शोकेसमध्ये आहे, मेंदूसारख्या वळणांचं. धुवून टाकीत ठेवलं तर छान दिसेल. आणि हे मंगळासाठी घालतात ते पोवळं हेच का?

उत्तर : पोवळं हे नाही, ते भूमध्य समुद्रातलं लाल कोरल, त्याचं घराणंच वेगळं. शोकेसमधलं मात्र दगडी कोरलच, आणि मेलेलं असलं तरी कायद्याला ते कोरलच आहे, आत्यांनी आणलं तेव्हा नियम काय होता ते वेगळं. टाकीत तर ठेवूच नका, फोटो काढून कोणाला पाठवूही नका, वनखात्याला विचारून त्याचं काय करायचं ते ठरवा.

जिवंत बघायचं असेल तर द्वारकेला जाता-येता जामनगरजवळ नरारा आहे, कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्कमध्ये, १९८२ चं, देशातलं या प्रकारचं पहिलं. ओहोटीची वेळ बघून जा, गाईडबरोबर घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालायचं, फाविया आणि गोनिओपोरा हे दगडी कोरल पायाशी दिसतात. हात लावायचा नाही, उचलायचं तर अजिबात नाही.

प्रश्न (सयाजीगंज) : कोरल कागदपत्रांसकट घेतले आहेत, हॅमर, दोन टॉर्च, अकान, कँडी केन. अल्कलिनिटी आठवड्यात ८.५ वरून ७ ला येते, कॅल्शियम मात्र ४२० च्या आसपासच. किट खराब आहे का?

उत्तर : किट ठीक आहे. कोरल सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात खातात, २.८ डीकेएच गेली तर कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरतं. तुमची दीड उतरली म्हणजे कॅल्शियम जेमतेम १०-११ उतरलं, एवढं तर किटच्या चुकीतच बुडतं. कोरल वाढतायत, खूश व्हा.

भरून काढायला खमणात घालतो तो खाण्याचा सोडाच चालतो, शुद्ध सोडियम बायकार्बोनेट, पाकिटावर दुसरं काही लिहिलेलं नको. बेकिंग पावडर नाही, फ्रूट सॉल्ट नाही, पापडखार तर नाहीच. शंभर लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम. तुम्ही रोज ०.२ च्या आसपास हरवताय म्हणजे दीडशे लिटरला रोज एक ग्रॅमभर, शून्य टीडीएसच्या ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवून, प्रवाह असेल तिथे हळूहळू. आठवड्याची भर रविवारी एकदम टाकली की आकडा उडी मारतो आणि टॉर्चच्या टोकांवर ते दिसतं. दिवसात १ डीकेएचच्या वर कधीही नाही.

पुढे खप वाढला की चुन्याची निवळी सोयीची, उडालेल्या पाण्याच्या जागी थेंब-थेंब सोडायची, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही एकत्र मिळतात. पण तिचा पीएच १२ च्या वर असतो, टॉप-ऑफचा सेन्सर अडकून एकदम ओतली गेली तर टाकी संपली, म्हणून निवळीचं भांडं लहान ठेवा. पानाचा चुना नको, कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणून शुद्ध मिळतो तो घ्या.

प्रश्न (सयाजीगंज, तेच वाचक) : अकानच्या एका बाजूला मांस गेलं, सांगाड्याची कड दिसते. दिवसा बघतो तर शेजारच्या हॅमरपासून चांगलं वीतभर लांब आहे. खायला काय घालू म्हणजे भरून येईल?

उत्तर : दिवसा बघू नका. नवरात्रात गरब्याहून दीड-दोनला घरी आलात की टाकीचे दिवे न लावता मोबाइलचा मंद लाइट काचेला लावून बघा. दिवसा गोंड्यासारखी फुगलेली हॅमर तुम्हाला दिसते, पण रात्री तिच्यातून पातळ, जवळजवळ पारदर्शक, टोकाला पांढरा ठिपका असलेले लांब धागे सुटलेले असतात, प्रवाहाच्या दिशेने लोळत, पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत. त्यातला एखादा अकानवर टेकला की तिथलं मांस जळतं. अकान हलवा, किंवा निदान पॉवरहेड वळवा म्हणजे धागे दुसरीकडे जातील. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन शेजारी चालतात, टॉर्च बहुतेक वेळा दोघांना मारतो, टॉर्चला वेगळा दगड द्या.

खायला मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, आठवड्यात एक-दोनदा, दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने, पंप बंद करून. लांब ड्रॉपरने एकेका तोंडावर एकच मायसिस ठेवा, अकानच्या बारीक शुंडा वर येतात, मग कडा आत वळून ते तोंडाकडे सरकवतात, पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात कोळंबी चोरायला येतेच, तिला आधी दुसरीकडे काहीतरी देऊन गुंतवा. तुकडा मोठा असेल तर ओकून टाकतो आणि सकाळी नायट्रेट तुम्हाला मिळतं. जखमेवर तपकिरी चिकट जेली दिसली तर मात्र वाट बघू नका, वेगळ्या भांड्यात काढा, जेली नळीने ओढून घ्या, ती इतरांवर उडाली तर तेही जातात.

प्रश्न (वाघोडिया रोड) : कागद आहेत. ट्रॅकी, हाही एलपीएसच, दगडावर छान दिसेल म्हणून वर ठेवला, रंग फिका झाला. लाइट वाढवू का? फोटो जोडला आहे.

उत्तर : वाढवू नका, कमी करा. खाली वाळूवर, सावलीकडे ठेवा, तो समुद्रातही तळावर मोकळा बसतो, दगडावर ठेवला की रात्री फुगताना मांस खरखरीत कडेला घासून फाटतं. लाइट आठवड्याला पाच-पाच टक्क्यांनी परत वर न्या. आणि सगळ्यांनाच विनंती, फोटो पाठवताना निळे दिवे बंद करून पांढऱ्यात काढा, निळ्यात सगळेच कोरल सुंदर दिसतात आणि मला रंग गेलाय की नाही तेच कळत नाही.